मोटारीची चिप आणि कारखान्याचें नवें सॉफ्टवेअर



दासगावाहून महाबळेश्वरास मोटारीनें जावयाचें म्हणजे सावित्रीच्या कांठावरून, जवळजवळ समुद्रसपाटीवरून, निघावयाचें. महाड मागें टाकून पोलादपूर गांठावयाचें आणि तेथें डावीकडे वळून आंबेनळीचा घाट चढावयाचा. एके काळीं दासगावच्या बंदरांत मुंबईच्या बोटी लागत. १९२७ च्या डिसेंबरांत महाडच्या दुसऱ्या परिषदेसाठीं डॉ. आंबेडकर याच बंदरांत उतरले होते. आतां मात्र सारी भिस्त मोटारीवर. या प्रवासांत ती सुमारें साडेतेराशें मीटर उंची चढते आणि वर पोंचेपर्यंत हवेचा दाब खालच्या मानानें जवळजवळ सातव्या हिश्शानें उतरलेला असतो.

समजा, एखाद्या गृहस्थानें आपल्या डिझेल मोटारीला अधिक जोर यावा म्हणून ‘चिप’ बसवून घेतली आहे. गेल्या उन्हाळ्यांत तीच मोटार हा घाट हंसत खेळत चढली. यंदा मात्र सर्व्हिसिंग होऊन परत आल्यावर ती पहिल्याच चढावर जड वाटते. किंवा त्याहून वाईट म्हणजे ऐन वळणावर फलकावरील पिवळा दिवा लागतो, जोर एकाएकीं गळतो, आणि मागून आलेली एस. टी. हॉर्न वाजवूं लागते. कारागिरानें तेल व गाळणी यांपलीकडे एकहि भाग बदललेला नाहीं. मग बदललें काय?

बदललें तें डोळ्यांस न दिसणारें. आजच्या मोटारींत एंजिनाचा कारभार एक लहानसा संगणक पाहतो. त्याच्या स्मृतींत दोन गोष्टी असतात : एक आज्ञांचा संच, आणि दुसरें आंकड्यांचे तक्ते. अमुक फेऱ्यांना, अमुक उष्णतेला, हवेच्या अमुक दाबाला इंधन किती व केव्हां सोडावें हें त्या तक्त्यांत लिहिलेलें असतें. १९८० च्या सुमारास हे तक्ते एका सुट्या चिपेवर असत. ती उपटून दुसरी बसवीत. नांव तेथूनच आलें. आज चिप उपटावी लागत नाहीं. फलकाखालील जोडणींतून वायर लावून तक्ते पुन्हा लिहितां येतात. तरी बोलतांना आपण चिपच म्हणतों.

आतां विक्रेत्याच्या कार्यशाळेंत काय घडतें पाहा. तेथील यंत्र मोटारीच्या संगणकाला त्याच्या सॉफ्टवेअरची आवृत्ति विचारतें आणि कारखान्याकडे नवी आवृत्ति असेल तर ती लिहून टाकतें. जुन्या पाटीवर कोणीं काय खरडलें होतें याची तें फिकीर करीत नाहीं. पाटी पुसून नवा मजकूर लिहितें. हौसेनें लिहविलेले तक्ते त्यांत जातात व मोटार मूळ पदावर येते. यांत मोटारीचें नुकसान नाहीं, मालकाच्या पैशांचें मात्र आहे. शिवाय नव्या आवृत्तींत बाहेरच्या माणसास दार बंद केलेलें असलें, तर चिपवाल्याचें साधन तिला उघडूं शकत नाहीं आणि त्यास थांबावें लागतें.

दुसरा प्रकार पेटीचा. ही छोटी पेटी इंधनाचा दाब मोजणाऱ्या संवेदकाच्या आणि संगणकाच्या मध्यें बसते व चक्क खोटें बोलते. दाब १६०० बार असतांना ती १५०० सांगते. संगणक फसतो आणि दाब वाढवितो. अपडेटनें पेटी पुसली जात नाहीं, कारण ती संगणकाच्या स्मृतींत नसतेच. पण नवें सॉफ्टवेअर अधिक संशयी असूं शकतें. आलेले आंकडे परस्परांशीं जुळतात कीं नाहीं हें तें बारकाईनें पाहतें आणि खोटें पकडलें कीं एंजिनास बचावाच्या मंद चालीवर आणतें. घाटांतला पिवळा दिवा तो हाच. उलट, कारखान्यानेंच नव्या आवृत्तींत इंधन थोडें वाढविलें असेल, तर पेटीची भर त्यावर चढते. विरळ हवेंत टर्बो आधींच जास्त वेगानें फिरत असतो. अशा वेळीं दिवा लागला नाहीं, तर तें अधिक धोक्याचें.

‘मग अपडेटच नको,’ असें कोणी म्हणेल. येथें एक उदाहरण सांगण्याजोगें आहे. सप्टेंबर २०१५ मध्यें अमेरिकेंत फोल्क्सवागनच्या डिझेल मोटारींची लबाडी उघडकीस आली : परीक्षागृहांत सोवळ्या, रस्त्यावर मात्र विषारी धूर ओकणाऱ्या. आपल्याकडे पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशननें तपासणी केली आणि त्याच वर्षीं डिसेंबरांत कंपनीनें भारतांतील ३,२३,७०० मोटारी सॉफ्टवेअर बदलण्यासाठीं परत बोलावण्याचें जाहीर केलें. आपल्या चाकणच्या कारखान्यांत बनलेल्या, हौशी चालकांच्या विशेष आवडीच्या पोलो व व्हेंटोसुद्धां त्यांत होत्या. ज्याच्या मोटारींत चिप होती त्याच्यापुढें प्रश्न सरळ उभा राहिला : आपला जोर राखावयाचा कीं शेजाऱ्याची हवा? माझ्या मतें अशा अपडेटला नकार देण्याचा नैतिक अधिकार कोणासहि नाहीं. ब्रेक किंवा सुरक्षितता यांसंबंधींच्या अपडेटविषयीं तर बोलावयासच नको.

कायद्याचेंहि ध्यानांत असूं द्यावें. मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम नोंदणीपत्रांतील तपशिलाशीं विसंगत ठरेल असा फेरफार करूं देत नाहीं. २०१९ च्या दुरुस्तीनें अनधिकृत फेरफारास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागें पांच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. वॉरंटीच्या दाव्याच्या वेळीं संगणकांतील पुनर्लेखनाची नोंदहि तपासली जाऊं शकते.

इतकें जाणूनहि ज्यानें चिप ठेविली आहे त्यानें मोटार सर्व्हिसिंगला देण्यापूर्वीं पेटी काढून घ्यावी, आणि तक्ते बदलले असतील तर तसें स्पष्ट सांगावें. अपडेटनंतर जुनी प्रत पुन्हा चढविण्याचा आग्रह धरूं नये. ती जुन्या आज्ञांशीं जुळविलेली असते. नवी आवृत्ति वाचवून तिच्यावरच नवे तक्ते बेतवावे. आणि लेखन चालूं असतां बॅटरी उतरली तर संगणक अर्धवट लिहिलेला राहतो व मोटार सुरूच होत नाहीं. म्हणून त्या वेळीं बॅटरीला चार्जर जोडला आहे ना, एवढें उभें राहून पाहावें.