जुन्या ध्वनिचित्रफिती आणि संगणकाचे ग्राफिक्स कार्ड

जुन्या स्नेहसंमेलनांच्या व बुद्धजयंतीच्या मिरवणुकींच्या व्हिडिओ कॅसेटी अनेकांनी संगणकावर उतरवून घेतल्या आहेत. त्या मोठ्या पडद्यावर पाहताना धावणाऱ्या मुलांच्या आकृतींच्या कडा कंगव्याच्या दातांप्रमाणे फाटलेल्या दिसतात. मग ‘भारी ग्राफिक्स कार्ड बसवा’ असा सल्ला हमखास मिळतो. देणगीच्या पैशांतून ते घेण्यापूर्वी कार्ड नेमके काय करते, हे पाहणे उचित ठरेल.

कार्डाचे पहिले काम म्हणजे संकुचित केलेली चित्रे उलगडणे. २००३ साली निश्चित झालेल्या एच.२६४ या मानकात हे गणित पूर्णांकांत बांधलेले आहे. त्यामुळे नियमाबरहुकूम चालणारे कार्ड, स्वस्त असो वा महाग, प्रत्येक बिंदूचे तेच मूल्य देते. डीव्हीडीच्या जुन्या पद्धतीत किंचित फरक पडू शकतो. तो डोळ्यांना जाणवत नाही. यंत्र दुबळे असेल तर चित्रे गळतात व हालचाल अडखळते, एवढेच.

खरा भेद उलगडल्यानंतर पडतो. आपल्याकडील पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे आणि प्रत्येकात ५७६ दृश्य ओळी असतात. परंतु घरगुती कॅमेरा या ओळी एकाआड एक, दोन हप्त्यांत टिपत असे. दोहोंमध्ये सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचे अंतर. तेवढ्यात कबड्डीतला चढाईपटू पुढे सरकलेला असतो! जुना दूरदर्शन संच हे हप्ते आळीपाळीने दाखवी, संगणकाचा पडदा मात्र दोन्ही एकदम दाखवतो. ढोबळ उपाय म्हणजे एक हप्ता टाकून देणे. त्यात चेहऱ्यांचे बारकावे जातात. कुशल उपाय स्थिर भागांत दोन्ही हप्ते राखतो व हलत्या भागांतच मधल्या ओळी अंदाजाने भरतो. एनव्हिडियाचे प्यूअरव्हिडिओ आणि एटीआयचे अ‍ॅव्हिव्हो यांची २००५च्या सुमारास याच कौशल्यावरून स्पर्धा चाले. फडकता ध्वज व फिरती तिरकी रेषा असलेल्या चाचणी-तबकडीवर त्यांना गुण दिले जात. डॉ. जब्बार पटेल यांच्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’सारख्या चित्रपटाची गोष्ट निराळी. फिल्मवरील एका चौकटीतूनच दोन्ही हप्ते निघत असल्याने ते नुसते जोडले की पुरते.

रंगांबाबत फसगत अधिक होते. व्हिडिओत काळा रंग १६ व पांढरा २३५ या मूल्यांवर असतो, तर संगणकावर ० व २५५ वर. हा मेळ चुकला की काळे केस राखाडी दिसतात किंवा त्यांतील बटा बुजतात. हा दोष बहुधा मांडणीचा असतो, कार्डाचा नव्हे. भडक रंग आणि कृत्रिम रेखीवपणा यांनाही गुणवत्ता समजू नये.

म्हणून तुलना करताना पडदा, केबल व फीत तीच ठेवावी आणि सर्व ‘सुधारणा’ बंद कराव्यात. कौलारू छपरावरून हळू फिरणारा कॅमेरा किंवा कबड्डीची चढाई पाहावी. व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये गळालेल्या चित्रांची संख्या दिसते. हप्ते जोडण्याचे ‘याडिफ’ नावाचे चांगले साधनही त्यात आहे, आणि ५७६ ओळींसाठी साधा प्रोसेसरही त्याला पुरतो. माझ्या मते केवळ या फितींसाठी नवे कार्ड घेणे व्यर्थ खर्च आहे.

म्हसळ्याच्या दमट हवेत कॅसेटींना बुरशी लागते. तिने खाल्लेले चित्र कोणतेही कार्ड परत आणत नाही. फीत उतरवतानाच दोन्ही हप्ते अबाधित राखावेत, मूळ प्रत लहान करू नये, आणि वाचलेल्या पैशांत दुसरी हार्ड डिस्क घेऊन तिची आणखी एक प्रत वेगळ्या घरी ठेवावी.