गुण रद्द करायचे? जरा थांबा!

मैत्रिणींनो, गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. शनिवारची दुपार. मी चकलीची भाजणी भाजत होते, तेवढ्यात थोरल्या जाऊबाईंची मुलगी दारात उभी. डोळे लाल, चपला एक इकडे एक तिकडे. म्हणाली, "काकू, मला सॅटचे मार्क रद्द करायचेत. बाबांना कळायच्या आत."

ज्यांच्या घरात ही परीक्षा अजून शिरलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. अमेरिकेतल्या कॉलेजात बारावीनंतर प्रवेश घ्यायचा तर बरीच मुले ही परीक्षा देतात. तिकडे ती १९२६ सालापासून आहे. कोविडच्या काळात अनेक कॉलेजांनी ती ऐच्छिक केली होती, पण एमआयटीने २०२२ साली आणि हार्वर्ड, येल यांनी २०२४ साली ती पुन्हा मागायचे जाहीर केले. आता ती संगणकावर होते. एक भाग इंग्रजीचा, एक गणिताचा. दोन्ही मिळून २ तास १४ मिनिटे, आणि गुण ४०० ते १६०० च्या दरम्यान.

या परीक्षेत एक गंमत आहे. पेपर वाईट गेला असे वाटले तर निकाल लागण्यापूर्वीच गुण रद्द करता येतात. मुदत परीक्षेनंतरच्या गुरुवारपर्यंत, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेने रात्री ११ वाजून ५९ मिनिटे. म्हणजे ऑक्टोबरात आपल्याकडे शुक्रवारी सकाळचे ९ वाजून २९ मिनिटे! पण एकदा रद्द केले की संपले. ते गुण कॉलेजला दिसत नाहीत, तुम्हालाही कधी दिसत नाहीत. विचार बदलला तरी परत मिळत नाहीत. फीही बुडते, आणि भारतातून बसणाऱ्याला ती शंभर डॉलरच्या वर पडते.

जाऊबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "करू दे की रद्द. झाकली मूठ सव्वा लाखाची."

क्षणभर मलाही पटले. पण शाळेत शिकवायची सवय जाते कुठे? पोरीला चहा दिला आणि विचारले, "नेमकं अडलं कुठे?" म्हणाली, गणिताचा पहिला टप्पा बरा गेला, दुसरा फार अवघड. पाच-सहा उत्तरे अंदाजानेच दिली.

मग आम्ही दोघींनी नियम वाचायला घेतले. प्रत्येक भागाचे दोन टप्पे असतात, आणि पहिला कसा सोडवला यावर दुसरा सोपा येणार की अवघड हे ठरते. म्हणजे दुसरा टप्पा अवघड आला तर पहिला चांगला गेला असण्याचाच संभव! शिवाय चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पेपर कसा गेला हे नुसत्या घाबरण्यावरून ठरवता येत नाही, ते असे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. परीक्षा पुन्हा देता येते, आणि पुष्कळ कॉलेजांना कोणत्या तारखेचे गुण पाठवायचे हे आपणच ठरवतो. बरीच कॉलेजे वेगवेगळ्या तारखांपैकी गणिताचे चांगले आणि इंग्रजीचे चांगले असे गुण एकत्र धरतात. गणितापायी रद्द केले तर चांगले गेलेले इंग्रजीही जाणार. एक भाग ठेवून दुसरा रद्द करता येत नाही. म्हणजे मूठ झाकलेलीच होती हो! रद्द करणे म्हणजे आत काय आहे ते न बघताच ती नदीत सोडून देणे.

हे सगळे सांगितले तरी पोरगी गप्पच. शेवटी म्हणाली, "काकू, कॉलेजला दिसण्याचं काही नाही. बाबांना दिसतील ना!"

तेव्हा माझ्या लक्षात आले, भीती परीक्षेची नव्हतीच.

बुधवारी रात्री ती माझ्यासोबत घरी गेली आणि सगळे बोलली. भाऊजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एफ.वाय.ला मी नापास झालो होतो. आमच्या बाबांना महिनाभर कळू दिलं नव्हतं." जाऊबाई बघतच राहिल्या. वीस वर्षांच्या संसारात त्यांनाही हे नवीन होते!

शुक्रवारी सकाळी साडेनऊ वाजून गेले. अर्ज केला नाही.

निकालाचे म्हणाल, तर चमत्कार वगैरे काही झाला नाही. इंग्रजीचे गुण वाटले होते त्यापेक्षा चांगले, गणिताचे हवे होते त्यापेक्षा कमी. डिसेंबरात ती पुन्हा बसली. पण कुठे कमी पडतो ते माहीत होते, म्हणून या वेळी अभ्यास मुख्यतः गणिताचाच केला.

आता रद्द करणे नेहमीच चूक का? तसेही नाही. मूल तापाने फणफणले, निम्मा पेपर कोरा राहिला, आणि हवे असलेले कॉलेज सगळ्याच परीक्षांचे गुण मागणारे असेल, तर जरूर विचार करावा. अशी काही कॉलेजे आहेत, त्यामुळे त्यांचा नियम आधी वाचावा. आणि हो, चार कॉलेजांना गुण मोफत पाठवायची सोय असते. तिथे आधीच नावे भरून ठेवली तर गुण कुठे पाठवायचे हे आपण ते बघण्यापूर्वीच ठरून जाते. त्या मोफतच्या मोहात घाई नको.

पण पेपराच्या दिवशी संध्याकाळी काहीही ठरवू नका. पोराला जेवू घाला, झोपू द्या. दुसऱ्या दिवशी शांतपणे विचारा, "तुला हे मार्क नक्की कुणापासून लपवायचेत?"

उत्तर आपल्याच घरातले निघाले, तर अर्ज भरण्याआधी घरात बोलायला हवे.