डॉक्टरांनी लिहिलं, केमिस्टनं वाचलं

लेखमाला : औषधांचा कायदा – भाग ४

छातीत संसर्ग झाला म्हणून इंग्लंडमधला एक दम्याचा पेशंट डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी तीन औषधं लिहून दिली. त्यातलं एक ‘अॅमॉक्सिल’ हे प्रतिजैविक : २५० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, एकूण २१ गोळ्या. दुकानातल्या फार्मासिस्टनं ते ‘डेओनिल’ असं वाचलं. डेओनिल ही मधुमेहाची गोळी. मधुमेह नसलेल्या माणसाच्या पोटात ती गेली, रक्तातली साखर कोसळली आणि मेंदूला कायमची इजा झाली.

डॉक्टरांचा बचाव ऐकायला बिनतोड होता. अक्षर खराब असेलही, पण फार्मासिस्टनं लक्ष दिलं असतं तर चूक काउंटरवरच सापडली असती. खुणा तर चिठ्ठीवरच होत्या. डेओनिल २५० मिलिग्रॅममध्ये मिळतच नव्हती, गोळी ५ मिलिग्रॅमची. ती कुणी दिवसातून तीनदा घेत नाही. शिवाय तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत मधुमेहींना औषधाचं शुल्क माफ असतं, आणि या गिऱ्हाइकानं ते भरलं होतं! तरीही १९८९ मध्ये अपील न्यायालयानं डॉक्टरांना मोकळं सोडलं नाही. अक्षर लागलं नाही तर कुणीतरी चुकीचं औषध देईल, याचा अंदाज त्यांना यायलाच हवा होता, आणि फार्मासिस्टच्या चुकीमुळे त्यांची चूक पुसली जात नाही, असं ठरलं. १,१९,३०२ पौंडांच्या भरपाईत डॉक्टरांचा वाटा २५ टक्के, फार्मासिस्टकडचा ७५ टक्के.

वाचणाऱ्याचा वाटा लिहिणाऱ्याच्या तिप्पट. डॉक्टरांच्या अक्षरावरचे विनोद ऐकताना हे गणित सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

आपल्याकडे चिठ्ठी कशी असावी हे १९४५ च्या औषध नियमांतला ६५ वा नियम सांगतो. ती लेखी हवी, डॉक्टरांची सही आणि तारीख हवी. पेशंटचं नाव आणि पत्ता हवा. औषध जनावरासाठी असेल तर मालकाचा. डोस हवाच, पण एकूण किती औषध द्यायचं तेही लिहिलेलं हवं. आता घरातली एखादी जुनी चिठ्ठी काढून बघा. ‘१-०-१, जेवणानंतर, ५ दिवस’ असेल. पत्त्याच्या जागी बहुधा नुसतं वय आणि वजन.

याच नियमानुसार, डॉक्टरांनी तसं लिहिलेलं नसेल तर एका चिठ्ठीवर औषध एकदाच द्यायचं. दिल्यावर दुकानदारानं डॉक्टरांच्या सहीच्या वर दुकानाचं नाव, पत्ता आणि तारीख टाकायची. वर्षभर तीच चिठ्ठी दाखवून झोपेच्या गोळ्या नेणाऱ्यांना हे सांगून पाहावं! प्रतिजैविकांचा बेसुमार वापर आणि सवय लावणाऱ्या गोळ्या यांना आळा घालण्यासाठी १ मार्च २०१४ पासून ‘शेड्यूल एच-१’ ही औषधांची यादी लागू झाली. त्यातल्या औषधांसाठी दुकानात वेगळी नोंदवही ठेवावी लागते आणि ती तीन वर्षं जपावी लागते. ‘शेड्यूल एक्स’ या आणखी एका यादीचा कडकपणा त्याहून जास्त : चिठ्ठी दोन प्रतींत, एक प्रत दुकानात दोन वर्षं.

खरा पेच जेनेरिकचा, म्हणजे ब्रँडऐवजी घटकाच्या नावानं लिहिलेल्या औषधाचा आहे. शेड्यूल एचमधलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणारं औषध चिठ्ठीत असेल तर केमिस्टला त्याऐवजी दुसरं काही देता येत नाही, घटक तोच असला तरी. ‘हे नाहीये, पण सेम कंपोझिशन आहे’ हे काउंटरवरचं नेहमीचं वाक्य नियमात बसत नाही. दुसरीकडे, २०१६ मध्ये वैद्यक परिषदेनं आपला नियम बदलून डॉक्टरांना जेनेरिक नावं वाचता येतील अशी, शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहायला सांगितलं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये आलेली नवी, अधिक कडक नियमावली त्याच महिन्यात स्थगित झाली. पण नुसतं जेनेरिक नाव लिहिलं की कोणत्या कंपनीची गोळी द्यायची हे कोण ठरवणार? अर्थातच दुकानदार. ज्या दुकानात नफ्याचा आकडा बघून पाकीट पुढे केलं जातं, तिथे हा अधिकार पेशंटच्या किती फायद्याचा, ही शंका डॉक्टर मंडळी घेतात. त्यात त्यांचा स्वतःचा हितसंबंध असला तरी शंका खोटी नाही.

अक्षराचा प्रश्न आता न्यायालयांनीच हाती घेतला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयानं वाचता येणारी चिठ्ठी मिळणं हा घटनेच्या २१ व्या कलमाखालच्या आरोग्याच्या हक्काचा भाग मानला. छापील चिठ्ठ्या आल्या की अक्षर लागेल. चुकीची ओळ निवडून छापलेली चिठ्ठी मात्र काउंटरवरच ओळखावी लागेल.

पुढच्या भागात : फोनवर सांगितलेलं औषध आणि रत्नागिरीतल्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये घेतलेली भूमिका.