ग्राफिक्स कार्ड : आत्ता घ्यायचं की थांबायचं?

आपल्या कॉलेजात सबमिशनच्या खालोखाल कुठल्या विषयावर रात्र रात्र चर्चा होत असेल, तर ती "कार्ड घेऊ का रे?" या विषयावर. एक पार्टी म्हणते, "थांब, भाव पडणारेत." दुसरी म्हणते, "थांबणारा आयुष्यभर थांबतो!" दोघांचंही थोडं थोडं बरोबर असतं, म्हणून ऐकणारा बिचारा जास्तच कन्फ्यूज होतो. त्यात पैसे बहुतेक वेळा आई-बाबांचे. पंचवीस-तीस हजार रुपये म्हणजे बऱ्याच जणांचा कित्येक महिन्यांचा मेसचा खर्च. तेव्हा हा निर्णय इंजिनिअरसारखा, आकडे मांडून घेतलेला बरा.

भाव पडतात कशामुळे?

पहिलं कारण टेक्नॉलॉजीचं. चिपवरच्या घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होईल असं गॉर्डन मूर यांनी १९६५ साली म्हटलं आणि १९७५ मध्ये तो काळ दोन वर्षांचा केला. आता तो वेग राहिलेला नाही, पण नवी पिढी येतेच. ती आली की दुकानदाराला जुना माल काढावा लागतो.

दुसरं कारण मागणी आणि पुरवठा. याचं बेस्ट उदाहरण म्हणजे २०२० ते २०२२ चा काळ. सप्टेंबर २०२० मध्ये एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०८० आलं, जाहीर किंमत ६९९ डॉलर. पण त्या किमतीला ते मिळेचना! कोरोनामुळे सगळे घरी बसलेले, चिपचा तुटवडा, आणि भरीला इथेरियमचं मायनिंग. इथेरियमच्या गणितात मेमरीतला एक मोठा डेटा पुन्हा पुन्हा वाचावा लागायचा, आणि वेगवान मेमरी हीच तर ग्राफिक्स कार्डाची खासियत. म्हणजे कार्ड हे खेळणं न राहता पैसे कमावणारं मशीन झालं. मग त्याचा भाव गेम खेळणाऱ्याच्या खिशावरून नाही, तर मशीनच्या कमाईवरून ठरायला लागला.

२०२२ मध्ये क्रिप्टोचे भाव कोसळले, तसे कार्डांचेही उतरायला लागले. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने आपली पद्धतच बदलली आणि कार्डावरचं त्याचं मायनिंग एका दिवसात बंद झालं. मायनिंगची वापरलेली कार्डं बाजारात आली. तेव्हा जे थांबले होते ते जिंकले.

पण लगेच टाळ्या वाजवू नका. २०२५ च्या शेवटी उलटं झालं. एआय डेटा सेंटरसाठी मेमरीची मागणी इतकी वाढली की साध्या रॅमचे भाव भराभर चढले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन कंपनीने तर आपला क्रुशल हा घरगुती ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा "दिवाळीनंतर रॅम स्वस्त होईल" म्हणून थांबलेले हरले. थोडक्यात काय, भाव पडणं हा काही न्यूटनचा नियम नाही.

स्टिकरवरचा आकडा फसवा असतो

आता ही तीन कार्डं बघा. आरटीएक्स ३०६० (२०२१) : ३२९ डॉलर, मेमरी १२ जीबी. आरटीएक्स ४०६० (२०२३) : २९९ डॉलर, ८ जीबी. आरटीएक्स ५०६० (२०२५) : २९९ डॉलर, ८ जीबी. किंमत जवळजवळ तिथेच, वेग वाढला, पण मेमरी मात्र कमी झाली. गेमिंगला नवीन कार्ड सरस ठरेल, पण ज्याला मशीन लर्निंगचं मॉडेल चालवायचंय त्याला जुनं १२ जीबीचं जास्त कामाचं ठरू शकतं. कारण मॉडेल मेमरीत मावलंच नाही तर वेग घेऊन करायचं काय?

शिवाय आपण रुपयात खरेदी करतो. २०२० मध्ये डॉलर ७४ रुपयांच्या आसपास होता, डिसेंबर २०२५ मध्ये त्याने नव्वदी ओलांडली. २९९ डॉलरचे ७४ च्या दराने २२,१२६ रुपये होतात आणि ९० च्या दराने २६,९१०. टॅक्स आणि दुकानदाराचं मार्जिन वेगळंच. म्हणजे अमेरिकेत भाव हललासुद्धा नाही, तरी लॅमिंग्टन रोडवर तो चढलेला असतो!

आधी दुखणं कुठे आहे ते बघा

बाजार आपल्या हातात नाही, पण आपला पीसी आहे. सीपीयू म्हणजे वर्कशॉपमधला सुपरवायझर आणि ग्राफिक्स कार्ड म्हणजे कामगारांची फौज. सुपरवायझरच कामं वाटायला स्लो असेल तर कामगार वाढवून उपयोग शून्य.

याची टेस्ट फुकट आहे. गेममध्ये व्ही-सिंक बंद करा, एफपीएस लिहून ठेवा. मग रेझोल्यूशन कमी करून तोच सीन परत चालवा. १९२० बाय १०८० मध्ये २०,७३,६०० पिक्सेल असतात, १२८० बाय ७२० मध्ये ९,२१,६००, म्हणजे कार्डाचं काम निम्म्याहून कमी झालं. एफपीएस चांगला वाढला तर कार्ड कमी पडतंय. जिथल्या तिथे राहिला तर बहुधा सीपीयू कमी पडतोय, कार्ड बदलून काही होणार नाही. आणि मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर तो सेकंदाला साठच चित्रं दाखवणार, हेही विसरू नका.

गेम सोडून बाकीची कामं? कोड कंपाइल करणं आणि साधं टू-डी ड्रॉइंग यांना मोठं कार्ड लागत नाही. पीसी चालू व्हायलाच पाच मिनिटं लागत असतील तर आधी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका. आणि पॉवर सप्लाय तपासा : आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट पुरतात, ३०८० ला ३२० लागतात. कार्डासोबत सप्लायही बदलावा लागला तर तो खर्च कार्डाच्याच किमतीत धरायचा.

लवकर घेण्याचं भाडं

समजा कार्ड आज तीस हजारांना आहे आणि चार महिन्यांनी सत्तावीसला मिळेल असा तुमचा अंदाज आहे. फरक तीन हजार, म्हणजे महिन्याला ७५० रुपये. आज घेतलं तर हे तुमचं चार महिन्यांचं भाडं. आता स्वतःला विचारा, त्या चार महिन्यांत कार्ड वापरणार का? फायनल इयरचं प्रोजेक्ट अडलंय? मग ७५० काहीच नाही, खुशाल घ्या. मध्ये पीएल आणि परीक्षा आहेत आणि कार्ड धूळ खाणार? मग थांबा. आणि अंदाज चुकून भाव वाढले तर? ज्याची गरज खरी होती त्याने आधीच घेतलेलं असेल, आणि ज्याची नव्हती त्याचं फारसं बिघडत नाही.

सेकंड हँड घेत असाल तर बिल मागा, वॉरंटी तुमच्या नावावर चालेल का ते विचारा, आणि विकणाऱ्यासमोर अर्धा तास फुल लोडवर चालवून तापमान आणि पंख्यांचा आवाज बघा. यापैकी कशालाही तो "नाही" म्हणाला तर नमस्कार करून निघायचं.

तेव्हा बाबांना फोन करताना "भाव पडलेत, घेऊन टाकतो" एवढंच सांगू नका. काय अडलंय, टेस्टमध्ये काय दिसलं आणि सप्लाय धरून एकूण किती लागतील, हे तीन आकड्यांत सांगा. सांगता आलं तर कार्ड घ्यायची वेळ झाली आहे. नाही आलं, तर ते पैसे सध्या त्यांच्याच खात्यात राहू देत!