खेळ रचणारे आणि खेळणारे

दिल्लीतील लक्ष्मीबाई नगर ही केंद्र सरकारच्या नोकरांची वसाहत. तिला झांशीच्या राणीचे नाव दिलेले असल्यामुळे आम्हां मराठी मंडळींना तेथे उगाचच थोडे घरच्यासारखे वाटते. एका संध्याकाळी शेजारच्या बिऱ्हाडातील चौदा वर्षांचा मुलगा संगणकापुढे बसून रागारागाने काही लिहीत होता. कोणाला पत्र लिहितोस, असे विचारताच तो म्हणाला, "गेम बनवणाऱ्याला, काका. चांगलंच सुनावतोय." एका लहानशा खेळात खंदक ओलांडताना त्याचा वीर पंधरा वेळा खाली पडला होता आणि हा दोष आपल्या बोटांचा नसून खेळाचाच आहे, याविषयी त्याची खात्री झाली होती.

हे पत्र ज्याच्या हाती पडते तो माणूस कोण, हा प्रश्न मला त्या दिवशी प्रथम सुचला. मोठ्या कंपनीचा खेळ असेल तर तक्रारी वाचण्यासाठी स्वतंत्र खाते असते. परंतु ज्यांना 'इंडी' म्हणतात ते गेमकार कधी एकटे, कधी दोघे-चौघे, तर कधी दहापंधरा जण मिळून काम करतात. आपल्याकडील जुन्या नाटक मंडळींत मालकच तालमी घेई, मुख्य भूमिका करी आणि रात्री गल्लाही मोजी. तसाच काहीसा हा प्रकार. दिवसा ज्याने खंदक खणला, त्यालाच रात्री त्याबद्दलची बोलणी वाचावी लागतात. मध्ये कोणताही पडदा नसतो.

आपल्या पुण्याचेच उदाहरण पाहू. तेथील 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या संस्थेने 'राजी : ॲन एन्शंट एपिक' नावाचा खेळ रचला. राजी ही खेळतमाशा करून पोट भरणारी मुलगी. तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, असुर पळवून नेतात आणि देवांनी दिलेली आयुधे घेऊन ती त्याच्या शोधास निघते. २०१७ साली या मंडळींनी 'किकस्टार्टर'वर लोकवर्गणीचे आवाहन केले आणि खेळाचा एक नमुनाही लोकांपुढे ठेवला. त्या व्यवस्थेचा नियम असा की, ठरविलेली पूर्ण रक्कम जमली नाही तर कर्त्याला एक पैसाही मिळत नाही. रक्कम जमली नाही. पैसा आला नाही, तरी नमुना खेळलेल्यांचे शब्द मागे राहिले, आणि काम पुढे चालू राहिले. ऑगस्ट २०२० मध्ये खेळ प्रथम 'निन्टेंडो स्विच' या यंत्रावर आला, त्याच वर्षी इतर यंत्रांवरही गेला आणि 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या पारितोषिकासाठी नामांकित झाला.

लोकांनी त्यातील वास्तूंची, भित्तिचित्रांची, छायाबाहुल्यांसारख्या दृश्यांची स्तुती केली. त्याचबरोबर लढाईत सफाई कमी आहे, खेळ लवकर संपतो, कथा मध्येच तुटते, अशी बोलणीही ऐकविली. शिवाय भारतीय कथेतील देवदेवता इंग्रजीत बोलतात, हे अनेकांच्या कानांना खटकले. २०२२ साली निघालेल्या सुधारित आवृत्तीत पात्रे हिंदीतही बोलू लागली आणि लढाईवरून पुन्हा हात फिरविला गेला. मात्र आखूड कथा लांबविणे म्हणजे जवळजवळ नवा खेळच रचणे. तक्रार खरी असली तरी प्रत्येक तक्रारीचे परिमार्जन लहान संस्थेच्या आवाक्यात असतेच असे नाही.

या व्यवसायातील खरी मेख याहून निराळी आहे. खेळणाऱ्याची तक्रार ही एक वस्तू आणि त्याने सुचविलेला उपाय ही दुसरी. पोट दुखते असे रोगी सांगतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. परंतु मात्रा कोणती उगाळावी हे त्याने ठरवावयाचे नसते. "शत्रू फार बळकट आहे, त्याचे बळ कमी करा," असे शंभर लोक लिहितात. कारण शोधू जाता आढळते की, वार करण्यापूर्वी शत्रू कसलीच चाहूल देत नाही. किंवा तो खांबाआड दडून दिसेनासा होतो. किंवा वार चुकविण्याची युक्ती खेळाने कोठे शिकविलेलीच नसते. अशा वेळी नुसते बळ कमी केले तर लढाई मिळमिळीत होते आणि तेच शंभर लोक महिन्याभराने खेळ कंटाळवाणा झाला म्हणून लिहितात. संगीत नाटकाच्या काळी 'वन्स मोअर'ला मान देता देता रात्र सरत येई आणि कथानक मात्र जागच्या जागी उभे असे. टाळी खरीच होती. पण नाटक किती वाजता संपावे याचा विचार करण्याचे काम टाळी वाजविणाऱ्याचे नव्हते.

म्हणून जाणते गेमकार लिहिलेल्या अभिप्रायाइतकाच न बोललेल्या अभिप्रायावर भर देतात. खेळ अपुरा असतानाच चारदोन परक्या माणसांना ते खेळावयास बसवितात. परकी अशासाठी की, मित्र आणि भाऊबंद खोटी स्तुती करतात. कर्त्याने मागे उभे राहून पाहावयाचे आणि तोंडाला कुलूप लावावयाचे. समोरचा माणूस दार सोडून भिंतीवर आपटत असतो, "अहो, उजवीकडे!" हे शब्द ओठांवर येतात. ते गिळावे लागतात. कारण खेळ विकत घेऊन माणूस घरी गेला म्हणजे तेथे त्याच्या कानाशी लागावयास कर्ता असणार नाही. माणूस कोठे थबकला, कोठे हसला, कोठे हातातले यंत्र खाली ठेवून पाणी प्यावयास उठला, हे सारे टिपून घ्यावयाचे. मला तरी ही शिक्षा परीक्षेच्या निकालाहून कठीण वाटते.

'स्टीम' या संगणकीय खेळांच्या बाजारपेठेने २०१३ साली अपुरा खेळ विकत देण्याची सोय केली. तीत पैसा आधी हाती येतो. पण गिऱ्हाईक वाटेकऱ्यासारखे बोलू लागते. पाया खणताना ज्याने वीट आणून दिली त्याला घर आपलेच वाटणार. कॅनडातील 'रेड हुक' या छोट्या संस्थेने 'डार्केस्ट डन्जन' हा खेळ असाच विकला. २०१५ साली त्यांनी एक बदल केला. मेलेल्या शत्रूंची प्रेते जागेवर पडून राहू लागली आणि मागच्या रांगेतील शत्रूंना त्यांचा आडोसा मिळू लागला. कित्येकांचे बसलेले डावपेच एका दिवसात निकामी ठरले आणि हलकल्लोळ उडाला. कर्त्यांनी प्रेते ठेवली. मात्र नको असतील त्यांना ती बंद करता यावीत, अशी सोय करून दिली. कोणी याला माघार म्हणेल. मी म्हणणार नाही.

याहून मोठे वादळ २०१६ साली इंग्लंडमधील 'हॅलो गेम्स'वर आले. 'नो मॅन्स स्काय' या त्यांच्या खेळाने आधी आशा फार उंचावल्या होत्या. खेळ हाती आला तेव्हा त्यांतील बऱ्याच गोष्टी त्यात नव्हत्या. लोक खवळले, संस्था जवळजवळ मुकी झाली. नोव्हेंबरात पहिली मोठी भर आली, २०१८ साली एकमेकांसंगे खेळण्याची खरी सोय आली, आणि या भरीचे मोल कोणाकडून घेतले गेले नाही. २०२४ साली 'स्टीम'वरील एकूण मत ठळकपणे अनुकूल झाले. म्हणून त्या मौनाची निखळ स्तुती मात्र मला करवत नाही. ज्याने पैसा मोजला त्याला दोन शब्द तरी मिळावयास हवे होते.

'स्टीम'वर प्रत्येक अभिप्रायाशेजारी तो देणारा किती तास खेळला हेही छापलेले असते. अर्ध्या तासाच्या रागाची आणि शंभर तासांच्या रागाची किंमत एक नव्हे, हे कर्त्याला त्यावरून कळते. कधी खेळाशी संबंध नसलेल्या भांडणापायी शेकडो लोक एकदम प्रतिकूल मते टाकतात. असे लोंढे एकूण गुणांकातून वगळण्याची पद्धत २०१९ पासून सुरू झाली. 'डिस्कॉर्ड'वरील गप्पांच्या अड्ड्यांचे प्रकरण आणखी निराळे. तेथे रोज येणारी मंडळी हौशी, जाणकार आणि मोठ्या आवाजाची असतात. खेळ मुकाट्याने खेळून मिटवून ठेवणारे कितीतरी अधिक. ते तेथे फिरकतही नाहीत. अड्ड्यावरच्यांचेच ऐकत गेल्यास खेळ उत्तरोत्तर कठीण होतो आणि नवख्याला दार सापडेनासे होते.

आमच्या शेजारच्या मुलाला मी यांतले थोडेसेच सांगितले. त्याने पहिल्या दोन ओळी खोडल्या. मग खंदक कोणता, उडी कोणत्या क्षणी मारली, वीर कड्याला हात लावूनही कसा घसरतो, हे सारे क्रमवार लिहिले. शेवटी, खंदकाआधीची गुहा फार छान आहे, असेही त्याने आपण होऊन जोडले. पत्र धाडल्यावर तो म्हणाला, "पण काका, वाचतील का ते?" मी म्हटले, बहुधा आज रात्रीच. तोवर तो सोळाव्या उडीच्या तयारीला लागला होता.