सांता मोनिकाचा मठ : वास्तू आणि वास्तव्य



‘कॉन्व्हेंट’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे इंग्रजी माध्यमाची शाळा उभी राहते. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘एकत्र जमणे’ एवढाच. तो प्रथम व्रतस्थांच्या निवासाला लागला आणि संन्यासिनी शाळा चालवू लागल्यावर शाळेलाही चिकटला. उपयोग बदलत गेला, म्हणून शब्द टिकला. वास्तूंचेही असेच घडते काय, हे आपल्या शेजारच्या एका उदाहरणावरून पाहण्याचा माझा प्रयत्न आहे.

अनमोड घाट उतरून फोंड्यामार्गे जुन्या गोव्यास गेल्यास तेथील टेकडीवर दोन वास्तू समोरासमोर आढळतात. एक सेंट ऑगस्टिनचा भग्न मनोरा. दुसरी सांता मोनिका हा तीन मजली, चौसोपी मठ. ऑगस्टिन पंथाचेच आर्चबिशप आलेइशो द मेनेझिश यांनी १६०६ मध्ये त्याची पायाभरणी केली. १६२७ मध्ये तो पूर्ण झाला. संन्यासिनींचा हा आशियातील पहिला मोठा मठ मानला जातो. १६३६ मध्ये तो आगीत सापडला; पण लगेच पुन्हा उभारला गेला. पायाभरणीनंतर दहाच वर्षांनी, १६१६ मध्ये, राशोलला फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले, हे मराठीच्या अभ्यासकाला येथे आठवल्यावाचून राहत नाही.

पुढे १८३४ मध्ये पोर्तुगालने धार्मिक पंथांचे मठ बंद करण्याचा कायदा केला. गोव्यात त्याची अंमलबजावणी होताच पुरुषांचे मठ रिकामे झाले. ऑगस्टिनचा मठ १८३५ मध्ये ओस पडला, १८४२ मध्ये चर्चचे छत कोसळले आणि १९३१ मध्ये मनोऱ्याचा दर्शनी भाग ढासळला. तेथील मोठी घंटा मात्र वाचली, कारण तिला दुसरे काम मिळाले : १८७१ पासून ती पणजीच्या चर्चमध्ये आहे.

स्त्रियांच्या मठांना वेगळा नियम लागला. नव्या दीक्षेस बंदी झाली, परंतु आत असलेल्यांना आमरण राहण्याची मुभा मिळाली. वर्षानुवर्षे एकेक खोली रिकामी होत गेली. सांता मोनिकातील शेवटची संन्यासिनी १८८५ मध्ये निवर्तली. म्हणजे बंदीनंतर जवळजवळ पन्नास वर्षे त्या घटत्या समुदायाने ही वास्तू वसती ठेवली. जांभ्या दगडाच्या भिंतीचे दुखणे आपणा घाटमाथ्यावरच्या लोकांना सांगायला नको. एक कौल सरकले की पाणी मुरते, चुना सुटतो, फटीत पिंपळ रुजतो. घरात माणूस असले तर ते कौल त्याच वर्षी बसवले जाते.

त्यानंतर मठ सरकारकडे गेला आणि विसाव्या शतकात तेथे सैनिकांच्या बराकी आल्या. जपाच्या जागी कवायत आली, याची खंत वाटणे स्वाभाविक आहे. परंतु वास्तू वसती राहिली, हेही तितकेच खरे. १९६४ मध्ये तेथे व्रतस्थ भगिनींना धर्मशास्त्राचे शिक्षण देणारी ‘मातेर देई’ संस्था सुरू झाली. १९८६ मध्ये जुन्या गोव्यातील चर्च व मठांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. १९९४ मध्ये राशोलच्या सेमिनरीत स्थापन झालेले ख्रिस्ती कलेचे संग्रहालय २००२ मध्ये या मठाच्या चर्चमध्ये आले. नूतनीकरणानंतर २०२२ मध्ये ते पुन्हा उघडले.

जुने सुपे काळी नदीवरील धरणाच्या पाण्याखाली गेलेले आपण पाहिले आहे. तेथे उपाय नव्हता. माणसे रामनगरला वसली, घरे मागे राहिली. परंतु पाण्याने नव्हे, तर केवळ कुलपाने बुडणाऱ्या वास्तूही आपल्या गावोगावी आहेत. त्यांचा मूळ उपयोग संपला म्हणून त्या संपल्या असे समजू नये. एखादी वाचनाची खोली, एखादा बालवर्ग, मुलींसाठी शिवणाचा वर्ग, काहीही चालेल. दार रोज उघडले पाहिजे आणि पावसाळ्यापूर्वी कोणीतरी छपरावर चढले पाहिजे. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांच्या या शाळेबाबतही माझे माजी विद्यार्थ्यांना एवढेच मागणे आहे.