प्रिंटर घेण्याआधी पानं मोजा

आज आपण बोलणार आहोत प्रिंटरविषयी.

आधारची प्रत, शाळेचा दाखला, बँकेचा अर्ज, मुलांचे प्रकल्प, गटाच्या सभेचं इतिवृत्त, पासपोर्ट फोटो. कागदाशिवाय आपलं एकही काम पुढं सरकत नाही. गावात सोय नसली, की एका पानासाठी एसटीचं भाडं जातं आणि अर्ध्या दिवसाची मजुरीही बुडते. म्हणून ‘गटाच्या पैशातून एक प्रिंटर घेऊ, आपलंही होईल आणि गावाचंही’ असा विषय सभेत निघतो. विषय चांगला आहे. पण गटाचा पैसा म्हणजे प्रत्येकीनं पोटाला चिमटा घेऊन साठवलेला पैसा. तो गुंतवण्याआधी वहीत एक हिशेब मांडायला हवा. तो कसा मांडायचा, ते आज सांगतो.

आधी यंत्र ओळखून घेऊ. बाजारात मुख्यतः दोन जातीचे प्रिंटर मिळतात. लेझर प्रिंटर कोरडी पूड तापवून कागदावर चिकटवतो. त्याची अक्षरं पाण्यानं पसरत नाहीत आणि तो महिनाभर बंद राहिला तरी बिघडत नाही. मात्र पूड तापवायला छापताना काही शे वॉट वीज लागते, त्यामुळे घरच्या लहान इन्व्हर्टरवर तो चालेलच असं नाही. शिवाय कमी किमतीत मिळतो तो फक्त काळं छापणारा. दुसरा इंकजेट. याच्या छपाईच्या भागाला हेड म्हणतात. हेडला केसाहूनही बारीक भोकं असतात आणि त्यांतून शाईचे सूक्ष्म थेंब कागदावर पडतात. वीज अगदी थोडी लागते, साधारण एका एलईडी दिव्याएवढी. रंगीत फोटो आणि रोजचे कागद अशी दोन्ही कामं एकाच यंत्रावर हवी असतील, तर इंकजेटच बरा.

आता खरी गोम. इंकजेटमध्येही दोन प्रकार आहेत. एकात शाईची छोटी डबी बसते, तिला कार्ट्रिज म्हणतात. दुसऱ्यात शाईच्या टाक्या असतात आणि त्या बाटलीनं भरायच्या असतात. डबीचा प्रिंटर स्वस्त दिसतो, पण लहान डबी साधारण शंभर-दोनशे पानांत संपते. काळ्या शाईची एक बाटली चार ते सहा हजार पानं चालते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, त्यातलीच ही गत.

आकडे घेऊन बघू. भाव बदलतात, म्हणून दुकानात विचारून आपापले आकडे घाला. आम्ही फक्त रीत दाखवतो.

समजा डबीचा प्रिंटर ४,००० रुपयांना आहे. त्याची डबी ९०० रुपयांची आणि ती १२० पानं चालते. ९०० भागिले १२०, म्हणजे एका पानाला साडेसात रुपयांची शाई. टाकीचा प्रिंटर समजा १२,००० रुपयांना आहे. बाटली ४५० रुपयांची आणि ती ४,५०० पानं चालते. म्हणजे एका पानाला १० पैशांची शाई. दोन प्रिंटरच्या किमतीत फरक ८,००० रुपयांचा, आणि दर पानामागे वाचतात ७ रुपये ४० पैसे. ८,००० भागिले ७.४०, म्हणजे सुमारे १,०८० पानं छापली की जास्तीचे पैसे वसूल.

महिन्याला १०० पानं निघत असतील, तर अकरा महिन्यांत फरक भरून निघेल. महिन्याला १० पानं निघत असतील, तर नऊ वर्षं लागतील. तेवढा काळ यंत्र टिकेलच असं नाही. म्हणून प्रिंटर कोणता, हा पहिला प्रश्न नव्हे. आपली पानं किती, हा पहिला प्रश्न.

बाटलीवर किंवा डबीवर पानांचा जो आकडा लिहिलेला असतो, तो कमी शाईच्या पानांचा असतो, म्हणजे पानाचा साधारण पाच टक्के भाग शाईनं भरलेला. फोटोत सगळा कागद शाईनं भरतो, त्यामुळे त्याला कितीतरी पट शाई लागते. फोटोचा हिशेब वेगळा धरा आणि त्यात फोटोच्या कागदाची किंमतही मिळवा.

फोटो चांगला येण्यासाठी कागद महत्त्वाचा. साध्या कागदात शाई झिरपते आणि चेहरा फिका पडतो. इंकजेटसाठीचा चकचकीत फोटो कागद घ्या, चकचकीत बाजूवरच छापा आणि छापताना मोबाइलमध्ये किंवा संगणकात कागदाचा प्रकार ‘फोटो पेपर’ असा निवडा. फोटो पूर्ण वाळल्याशिवाय एकावर एक ठेवू नका. पासपोर्ट फोटो बहुतेक ठिकाणी साडेतीन सेंटिमीटर रुंद आणि साडेचार सेंटिमीटर उंच लागतो. ४ बाय ६ इंचाच्या एका कागदावर असे आठ फोटो बसतात. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो बारीक होऊन येतो, छापला की धूसर दिसतो. म्हणून फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा.

शाईबद्दल दुकानदाराला एक प्रश्न विचारा: काळी शाई डाय आहे की पिगमेंट? डाय शाई पाण्यात विरघळते. ओला हात लागला, पावसाचा थेंब पडला, की अक्षर पसरतं. पिगमेंट शाईचे बारीक कण कागदावर बसतात आणि पाण्याला बऱ्यापैकी दाद देत नाहीत. आपलं काम मुख्यतः कागदपत्रांचं असेल, तर काळी शाई पिगमेंटची असलेला प्रिंटर बघा.

आणखी चार गोष्टी विचारून घ्या. छपाई, स्कॅन आणि झेरॉक्स तिन्ही होतं का? वायफायनं मोबाइलवरून थेट छापता येतं का? मग संगणक लागत नाही. दुरुस्तीचं केंद्र तालुक्याला आहे की जिल्ह्याला? आणि वॉरंटी किती? काही वॉरंटी एक वर्ष किंवा ठरावीक पानं, यांतलं जे आधी होईल तिथं संपते. बिल गटाच्या नावानं घ्या.

आता निगा. इंकजेटचा शत्रू म्हणजे रिकामं बसणं. हेडच्या भोकांत शाई वाळते आणि छपाईत पांढऱ्या रेघा येतात. यंत्रात हेड साफ करायची सोय असते, पण त्यात शाई खर्ची पडते. त्यापेक्षा आठवड्यातून एक रंगीत पान काढा. प्रिंटर बंद करताना आधी त्याच्याच बटणानं बंद करा, मगच भिंतीवरचा स्विच. बटणानं बंद केल्यावर हेड जागेवर जाऊन झाकलं जातं. टाकीतली शाई खालच्या रेषेखाली जाऊ देऊ नका. यंत्र तिरपं करू नका. धूळ, चुलीचा धूर आणि ऊन यांपासून दूर ठेवा.

गावासाठी छापणार असाल, तर दर ठरवताना शाई, कागद आणि वीज धराच, पण दुरुस्तीसाठीही दर पानामागे काही बाजूला टाका. वही आणि चावी एकीकडे द्या. आणि एक नियम पक्का करा: कुणाचं आधार, पासबुक, फोटो मोबाइलवर आले, की छापून झाल्यावर तिच्यासमोर पुसून टाकायचे. गावातली बाई आपल्या हाती नुसता कागद देत नाही, विश्वास देते. तो गेला तर प्रिंटर काय कामाचा!

हिशेबात पानं कमी निघाली, तर वाईट वाटून घेऊ नका. शेजारचे दोन-तीन गट मिळून किंवा ग्रामसंघाकडून एक यंत्र घेता येतं. तेही जमत नसेल, तर आज जिथं छापता तिथंच छापा. न घेतलेला प्रिंटर हाही कधीकधी गटाचा नफाच असतो.

तर येत्या सभेत एवढंच करा. एक वही ठेवा. महिनाभर कुणीही बाहेरून पान छापून आणलं, की तिनं एक रेघ ओढायची. काळ्या पानाची वेगळी, रंगीत पानाची वेगळी, फोटोची वेगळी. महिना संपला की बेरीज करा आणि मग ती वही घेऊनच दुकानात जा.